दहावीची १७ नंबरची बॅच, अंबड (जालना): चार स्टार, पाचवा संडाससाठी कापला

आधीच सांगते, क्लासचं नाव टाकत नाहीये. मागं एकदा साडीच्या दुकानाबद्दल खरं खरं लिहिलं तर दुकानवाला आमच्या नणंदेच्या सासरचा निघाला आणि दिवाळीपर्यंत घरात तोच विषय चालू होता. ज्याला लागतं त्यानं अंबडच्या बसस्टँडवर उतरायचं आणि बायांची दहावी कुठं चालते असं विचारायचं, रसवंतीवालासुद्धा बोट दाखवतो. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, लोखंडी जिना, जिन्याला कठडा एकाच बाजूनं.

मी ३७ वर्षांची, अंगणवाडीत मदतनीस. शाळा सातवीनंतर सुटली, सन २००१. गावात शाळा सातवीपर्यंतच होती, हायस्कूल सहा किलोमीटरवर, मधी ओढा, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पोरं पोहून जायची आणि पोरी घरी बसायच्या. आता माझी पोरगी त्याच रस्त्यानं पोरींसाठीच्या मानव विकासच्या निळ्या गाडीत फुकट जाते आणि वरून तक्रार करते की गाडीत गर्दी असते. मी काय बोलणार तिला.

तर आता अंगणवाडीला सेविका असो की मदतनीस, नव्या नियमानं बारावी लागते. मी जुनी भरती असल्यानं माझी नोकरी गेली नाही, पण पुढं सेविका व्हायचं म्हणलं तर कागद लागतो. आमच्या सेविकाबाई रिटायर होऊ राहिल्या दोन-तीन वर्षांत, मग म्हणलं बघावं. तिथून हे १७ नंबरचं खूळ डोक्यात शिरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १७ नंबर म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावीला बसायचा बोर्डाचा फॉर्म. दहावीसाठी पाचवी पास असलं आणि वय १४ पूर्ण असलं तरी चालतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची आणि कागद तिथं नेऊन द्यायचे. परीक्षा तीच, पेपर तेच, सर्टिफिकेटबी तेच. क्लास लावलाच पाहिजे असं काही नाही. पण सातवीनंतर २३ वर्षांनी बीजगणिताचं पुस्तक उघडा आणि मग मला सांगा क्लास लागतो का नाही.

पहिले मी संभाजीनगरला गेले होते. मे महिन्यात अंगणवाडीला सुट्टी असते तेव्हा धाकट्या जावेकडं, बजाजनगरला. तिचे मिस्टर कंपनीत आहेत, त्यांनी ड्युटी करून करून नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बीए केलंय, रविवारी क्लास आणि बाकी पुस्तकं घरी. म्हणून त्यांच्या घरात शिक्षणाचं वातावरण आहे, त्या बोलल्या, "ताई, इथंच करा ना, इथं सगळं भेटतं." आणि खरंच सगळं भेटतं हो. काचेचं ऑफिस, एसी, भिंतीएवढा स्मार्टबोर्ड, मोबाइलवर ॲप, त्यात व्हिडिओ, संध्याकाळी सात ते नऊ बॅच म्हणजे ड्युटीवाल्याला सोयीची. शिकवणं वाईट नव्हतं हे कबूल करते, गणिताचे सर तर एक नंबर.

पण तिथं काउंटरवर जी पोरगी बसायची, असेल बावीस-तेवीसची, तिनं मला पहिलाच प्रश्न काय विचारावा, "किती वेळा नापास?" मी म्हणलं, बाई मी नापास व्हायला बसलेच नाही कधी. तिच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता. नापास किती वेळा, कोणत्या विषयात, एवढंच. शाळाच सुटली असं लिहायला जागा नाही. वर्गात सगळी सोळा-सतराची नापास पोरं, मागच्या बाकावर मी, सर हजेरी घेताना "काकू प्रेझेंट आहेत" म्हणायचे आणि पोरं हसायची. वाईट हेतूनं नाही हसायची, पण हसायची.

आणि मोठी गोष्ट ही की त्यांनी मला दहावी-बारावी एकाच वर्षात करून देतो म्हणून सांगितलं. बाहेरच्या राज्यातलं कुठलं तरी बोर्ड, अभ्यास नाही, एकदा जायचं, सही करायची, ४० हजार. मी जवळपास हो म्हणाले होते. तीन हजार ॲडव्हान्स भरूनबी बसले. जावेच्या मिस्टरांनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला. म्हणे वहिनी, उद्या भरतीच्या वेळी कागद तपासायला गेला आणि त्या बोर्डाला मान्यताच नसली तर नोकरी तर जाईलच, वरून फसवणुकीची केस. मी तीन हजार परत मागायला गेले तर काउंटरवाली म्हणे पावतीवर मागं लिहिलंय, रिफंड नाही. खरंच लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. ते वाचता आलं असतं तर मी दहावीला कशाला आले असते.

असो. जून संपता संपता मी गावाकडं परत आले आणि अंबडच्या क्लासला गेले.

इथलं पहिलं दर्शन काही चांगलं नाही. जिन्यात अंधार, वर गेल्यावर प्राथमिक शाळेतले छोटे बाक, गुडघे टेबलाला लागतात. फळा काळाच, खडूनं लिहायचा, एका कोपऱ्यातून भेगाळलेला. पंखे दोन, एक फिरतो. फी साडेसहा हजार, तीन हप्त्यात, बोर्डाची फी वेगळी. पावती मागितली तर सरांनी वहीच्या कागदावर लिहून सही करून दिली. हे मला नाही आवडलं आणि मी त्यांना तसं बोलले, पुढच्या हप्त्यापासून छापील पुस्तक आणलं, म्हणजे सांगितलं तर ऐकतात.

पण वेळ बघा. बॅच दुपारी सव्वा ते साडेतीन. का, तर शेजारच्या गावांच्या अंगणवाड्या दुपारी सुटतात, मोलमजुरीवाल्या बायांची सकाळची पाळी संपते, आणि चारची एसटी आमच्या बाजूला जाते. सरांच्या टेबलामागं भिंतीला अंबड आगाराचं टाइमटेबल चिकटवलेलं आहे, अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकाच्या वर. जुनं झालं की सर स्वतः स्टँडवर जाऊन नवीन उतरवून आणतात. साडेतीनला पाच मिनिटं कमी असली की गणित अर्धं राहिलं तरी खडू खाली. पहिले मला वाटलं हे काय, पैसे घेता आणि टाइमपास करता का, पण दोनच दिवसांनी कळलं की चारची गाडी चुकली की थेट मुक्कामी गाडी, साडेसहाला, आणि एखादी बाई दोनदा साडेसातला घरी पोचली की तिसऱ्या वेळेस तिचा नवरा तिला पाठवत नाही. सर म्हणायचे तिकिटाचं अर्धं सरकारनं केलं, वेळेचं मला करावं लागतं. एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं ना मार्च २०२३ पासून, त्याच्यावरून बोलायचे. आणि खोटं नाही, अर्धं तिकीट नसतं तर महिन्याचा जाण्यायेण्याचा खर्च क्लासच्या हप्त्याएवढा झाला असता.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. ७७ आणि ८८.६९. म्हणे हे २०११ च्या जनगणनेतलं आपल्या महाराष्ट्राचं साक्षरतेचं प्रमाण, पहिलं खेड्याचं, दुसरं शहराचं. मग खाली तिसरा लिहिला, ७१.५, म्हणे हा आपला जालना जिल्हा, खेडं शहर धरून, मराठवाड्यात शेवटचा नंबर. मागून एक मावशी म्हणाल्या, "सर, मंग आम्ही यात हाव का नाही?" सर म्हणे तुम्ही यात साक्षरच आहात, कारण सात वर्षांच्या वरच्या कोणालाबी एका भाषेत समजून लिहिता-वाचता आलं की जनगणना त्याला साक्षर धरते, पुढं किती शिकला ते या आकड्यात दिसतच नाही. म्हणजे मी सातवी आणि तहसीलदार साहेब, दोघं एकाच खान्यात! हे मला लई लागलं बरं का. तेव्हापासून पेपरात साक्षरतेचा आकडा वाचला की मला पुढचा प्रश्न पडतो, बरं, मग दहावी किती, बारावी किती, आणि त्यात बाया किती.

निजामाच्या काळाचंबी सांगितलं त्यांनी, इतिहासाच्या तासाला नाही, असंच, लाइट गेली होती तेव्हा. सरकारी शिक्षण उर्दूत, वरच्या शिक्षणाला हैदराबाद, १९४८ ला सुटका झाली तरी मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९५८ उजाडलं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद कॉलेज काढलं ते विद्यापीठाच्या आठ वर्षं आधी. माझ्या आजीला सही येत नव्हती, आम्ही तिला हसायचो. लाइट आल्यावर कोणीच बोललं नाही थोडा वेळ, मग सर म्हणे चला, भूमिती.

कागदपत्रांचं काम हे या क्लासचं खरं भारी. इतर कोणी सांगणार नाही म्हणून सविस्तर लिहिते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. बोर्ड दाखल्यावरचं नाव धरतं. म्हणजे २० वर्षांनी मी परत माझ्या बापाच्या नावानं परीक्षेला बसणार. गावात नेटवाल्यानं फॉर्मवर आधारचं नाव टाकलं असतं आणि पुढं सगळा घोळ झाला असता. इथल्या मॅडमनी, सरांच्या मिसेस, त्या हे खातं सांभाळतात, सगळ्या लग्न झालेल्या बायांची वेगळी यादी केली, दाखल्याची अस्सल प्रत, प्रतिज्ञापत्र, लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स, सगळं एका फाइलीत, आणि परीक्षेच्या दिवशी फाइल सोबत ठेवा म्हणून बजावलं. माझ्या पुढच्या नंबरच्या बाईला केंद्रावर विचारलंच, हॉल तिकीट वेगळ्या नावाचं कसं, तिनं फाइल उघडून दाखवली, दोन मिनिटांत मिटलं. आमच्यातल्या एकीची शाळाच बंद पडलेली, दाखला कुठून आणायचा, तर मॅडम तिला घेऊन पंचायत समितीत तीन चकरा मारून आल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत. रिक्षाचेसुद्धा नाही.

शिकवण्याबद्दल. मराठी, हिंदी, इतिहास-भूगोल सर स्वतः, चांगलं शिकवतात, उदाहरणं आपली असतात, भूगोलात ब्राझील शिकवताना पण मोसंबीवर येतात. गणिताला त्यांचा भाचा, हुशार आहे पण भरभर करतो, त्याला सारखं दादा थांब दादा थांब म्हणावं लागतं. इंग्रजीचा मात्र गोंधळ. एका वर्षात तीन मास्तर बदलले, दुसरा तर दोन आठवड्यात पळाला. इंग्रजीत मला ३७ पडले, त्यातले निम्मे माझ्या पोरीचे आहेत, तिनं रात्री बसून घोकून घेतलं. अर्धा स्टार इथंच कापायला पाहिजे होता पण ठीक आहे.

वर्गात आम्ही एकोणीस जण. बाया चौदा, पुरुष पाच. त्या पाचात एक ऊसतोड करणारा, वडीगोद्रीकडचा, असेल तिशीचा. त्याचं बघून मला कळलं की ही परीक्षा कोणाच्या सोयीनं ठेवलेली आहे. दहावी असते फेब्रुवारी-मार्चात, कारखाने चालू असतात दिवाळीपासून मार्चपर्यंत. म्हणजे अभ्यासाचे सगळे महिने तो फडात, आणि परीक्षेच्या टाइमाला मुकादमाची उचल, म्हणजे आधीच घेतलेले पैसे, अंगावर. त्यानं ऑक्टोबरपर्यंत क्लास केला, मग कोयता घेऊन बायकोसोबत पश्चिम महाराष्ट्रात गेला. सरांनी फोनवर रेकॉर्डिंग पाठवायला सुरू केलं, शहरातल्या ॲपसारखं नाही, नुसता आवाज, कारण फडात नेट नसतं, रात्री अड्ड्यावर आल्यावर तो डाउनलोड करून घ्यायचा. परीक्षेला आला. पेपर झाला की दुसऱ्या पेपरच्या मधे सुट्टी असली तरी परत जायला परवडत नव्हतं, तर क्लासच्या खोलीतच झोपला सगळे दिवस. दोन विषय राहिले त्याचे. पुरवणीला बसला का नाही मला माहीत नाही, नंतर भेट नाही.

आमच्या आत्यांचं सांगते, सासूबाईंचं. ६२ वय. त्यांनी माझ्या आधी परीक्षा दिली! उल्लासची, नवभारत साक्षरता कार्यक्रम, १५ च्या वरच्या निरक्षरांसाठी आहे तो. १७ मार्च २०२४ ला रविवारी झेडपीच्या शाळेत पेपर होता, १५० मार्कांचा, वाचन, लेखन आणि हिशोब प्रत्येकी ५०. आत्या नऊवारी नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून गेल्या, आल्या ते पास होणारच या थाटात. झाल्याबी. मग वर्षभर मला ऐकवलं, "माझं झालं, तुझं कधी?" मी दुपारी क्लासला गेले की चुलीजवळचं त्यांनी बघितलं हे मात्र लिहायलाच पाहिजे. आमचे मालक पहिले कुरकुरले, आत्यांनी त्यांना एकच सांगितलं, तू दहावीला दोनदा बसला होता ना, मग गप.

आता तो संडासचा विषय. क्लासला बायांसाठी संडास नाही. चौदा बाया, सव्वादोन तास, वर घरून येऊन जाऊन चार तास. खालच्या हार्डवेअरवाल्याच्या घरी मागून जावं लागतं, त्याची बायको चांगली आहे पण किती दिवस. काही जणी पाणीच प्यायच्या नाहीत. डिसेंबरात मी सरांना सगळ्यांसमोर बोलले. त्यांचा चेहरा पडला, म्हणे मालक बांधू देत नाही. मी म्हणलं मग जागा बदला. अजून बदललेली नाही. बाया म्हणतात आपल्यासाठी एवढं करतात, कशाला बोलायचं. मला हे पटत नाही, पैसे देतो आपण.

परीक्षा. २१ फेब्रुवारी २०२५, पहिला पेपर मराठीचा. पुढच्या बाकावर माझ्या भाचीच्या वयाची पोर, तिनं वळून विचारलं तुम्ही सुपरवायझर आहात का. कॉपीमुक्त अभियान होतं, भरारी पथक आलं, पोरांचे खिसे तपासले, माझ्याकडं आले आणि नमस्कार करून पुढं गेले. खोटं नाही सांगत.

इथं सरांनी सांगितलेली एक गोष्ट कामाला आली, ती शहरातल्या क्लासनं सांगितली नव्हती. पास व्हायला विषयाला ३५ लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण गणित आणि विज्ञान दोन्ही मिळून ७० झाले आणि दोन्हीत कमीत कमी २५-२५ असले तरी चालतं. तसंच तीन भाषांचं, मिळून १०५. सरांचं म्हणणं, मोठ्या वयात गणित नव्यानं डोक्यात बसवण्यापेक्षा विज्ञान पाठ करणं सोपं, म्हणून ज्या बाया गणिताला घाबरत होत्या त्यांचं विज्ञान घट्ट करून घेतलं. शिवाय लेखी ८० चीच असते, २० मार्क शाळेतल्या तोंडी-अंतर्गतचे असतात, त्याला सुट्टी मारायची नाही, संपर्क केंद्राच्या शाळेत ज्या दिवशी बोलावलं त्या दिवशी मुकाट जायचं. एक बाई तेव्हा लग्नाला गेली आणि त्या मार्कांतच अडकली.

१३ मेला निकाल. नेटवर्क चालत नव्हतं, क्लासमधूनच मॅडमचा फोन आला. मराठी ६८, हिंदी ५२, इंग्रजी ३७, सामाजिक शास्त्र ६१, विज्ञान ४४, गणित २९. गणित २९ ऐकून मी खालीच बसले. मॅडम म्हणे अहो ताई, ४४ आणि २९ किती होतात? ७३. मग? मला तेवढी बेरीजपण सुचत नव्हती त्या वेळेस. सहातल्या चांगल्या पाच विषयांचे ५२.४० टक्के. एकोणीसमधले अकरा पास. अकरातल्या नऊ बाया.

एकोणीसमधले अकरा म्हणजे काही फार नाही, शहरातल्या क्लासच्या बोर्डावर याच्यापेक्षा मोठे आकडे असतील. पण तिथं माझ्या गावातून कोण जाऊन बसणार आहे संध्याकाळी सात ते नऊ. शहराच्या क्लासला मी दोन स्टार देते, एक गणिताच्या सरांना आणि एक एसीला.

बारावीसाठी लगेच बसता येत नाही, दहावी पास झाल्यावर दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणजे माझी बारावी फेब्रुवारी २०२७ ला. एका वर्षात दोन्ही करून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या पावतीच्या मागची बाजू आधी वाचा. क्लासवाले बारावी आर्ट्सची बॅच घेतात, फी आठ हजार सांगितलीय, मी सातला आणणार आहे. तोवर संडास झाला तर पाचवा स्टार देऊन हे परत लिहीन.

नवीन येणाऱ्यांनी दाखल्याची अस्सल प्रत आणा, लॅमिनेशन केलेली आणू नका, फोटो सहा आणा. आणि पाण्याची बाटली घरून भरून आणा, तिथला जार दोन वाजताच संपतो.